सडलेला तांदूळ, खोटी सही आणि ख्रिस्ताची साक्ष

१५ जून २०२५ रोजी रोम येथील, नगराच्या तटाबाहेरील संत पौलाच्या महामंदिरात आफ्रिकेतील काँगो देशाच्या एका तरुण सरकारी कर्मचाऱ्यास 'धन्यवादित' म्हणून घोषित करण्यात आले. फ्लोरिबेर ब्वाना चुई हे त्यांचे नाव. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते. ते धर्मगुरू नव्हते, व्रतस्थ नव्हते, मिशनरीही नव्हते. कायद्याचे शिक्षण घेतलेला हा प्रापंचिक तरुण रवांडाच्या सीमेला लागून असलेल्या गोमा शहरात नोकरी करीत होता. देशात येणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीत ते कामाला होते. फावल्या वेळात संत एजिदियो संघाच्या सोबतीने ते रस्त्यावरील मुलांना शिकवीत असत.

एके दिवशी सीमेपलीकडून आलेला तांदूळ खाण्यास अयोग्य असल्याचे त्यांच्या तपासणीत आढळले. तो बाजारात जाऊ द्यावा म्हणून त्यांना पैसे देऊ करण्यात आले, पुढे दडपण आणण्यात आले. त्यांनी तांदूळ सोडला नाही. जुलै २००७ मध्ये त्यांचे अपहरण झाले, छळ करण्यात आला आणि त्यांना ठार मारण्यात आले. ख्रिस्तसभेने त्यांना रक्तसाक्षी म्हणून मान्यता दिली. २०२५ च्या जानेवारीत गोमा शहर बंडखोरांच्या हाती गेले होते. अशा अशांत परिस्थितीत हा सोहळा त्यांच्या मायभूमीत न होता रोममध्ये पार पडला.

आपल्या वृत्तपत्रांतून या घटनेची फारशी दखल घेतली गेली नाही. आपल्या धर्मग्रामांतूनही तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. वास्तविक ही घटना आपल्या रोजच्या जीवनाशी जितकी निगडित आहे तितक्या फारच थोड्या संतांच्या कथा असतील. म्हणूनच तिचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्तसाक्षी कोणास म्हणावे?

रक्तसाक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रोमन साम्राज्यातील छळ, सिंहांचे आखाडे, मूर्तीपुढे धूप जाळण्यास नकार देणारे आदिख्रिस्ती उभे राहतात. श्रद्धेचा द्वेष करणाऱ्यांच्या हातून ज्याला मरण येते तो रक्तसाक्षी, अशी ख्रिस्तसभेची पूर्वापार व्याख्या आहे. फ्लोरिबेर यांना मारणाऱ्यांनी मात्र त्यांना, तू ख्रिस्ताला मानतोस काय, असे विचारले नव्हते. त्यांना फक्त एक शिक्का हवा होता. मग येथे श्रद्धेचा प्रश्न आला कोठून?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या नकाराच्या मुळाशी आहे. हा तांदूळ गरिबांच्या ताटात गेला तर त्यांच्या जिवाचे काय होईल, या विचाराने ते अस्वस्थ झाले होते. आपण ख्रिस्ती आहोत, म्हणून हे आपल्याकडून होणे नाही, अशी त्यांची धारणा होती. २ फेब्रुवारी २०२३ रोजी किन्शासा येथील हुतात्मा स्टेडियममध्ये तरुणांशी बोलताना पोप फ्रान्सिस यांनी मुद्दाम त्यांचे उदाहरण दिले. डोळेझाक करणे त्यांना सहज शक्य होते, कोणाला काही कळलेही नसते, उलट त्यांची भरभराटच झाली असती. परंतु ख्रिस्ती असल्यामुळे त्यांनी प्रार्थना केली आणि इतरांचा विचार केला, असा पोप महोदयांच्या बोलण्याचा आशय होता. शिक्का मारण्यास दिलेला तो नकार हीच त्यांची श्रद्धेची कबुली ठरली.

हे उदाहरण एकटे नाही. ९ मे २०२१ रोजी इटलीतील सिसिली बेटावरील आग्रिजेंतो येथे न्यायाधीश रोझारियो लिवातिनो यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. २१ सप्टेंबर १९९० रोजी न्यायालयाकडे जात असताना माफियांनी भर रस्त्यात त्यांची हत्या केली. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. त्यांनी कोणतेही धर्मयुद्ध पुकारले नव्हते. समोर आलेल्या खटल्यांचे काम कोणाच्याही दडपणाला बळी न पडता करणे, इतकेच ते करीत होते. तुम्ही किती श्रद्धावान होता यापेक्षा तुम्ही किती विश्वासार्ह होता हे अखेरीस महत्त्वाचे ठरेल, अशा अर्थाचा त्यांचा विचार आज इटलीत सर्वश्रुत आहे.

चार वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन घोषणा एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे ख्रिस्तसभा आपल्याला काय सांगू पाहत आहे ते स्पष्ट होते. कचेरीतील टेबल, गोदाम, न्यायासन, दुकानाचा गल्ला, शाळेचा वर्ग ही सर्व ख्रिस्ताची साक्ष देण्याची स्थळे आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांची फारकत ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक गणली आहे. न्याय्य कर चुकविण्यासाठी लबाडी करणाऱ्यांचाही त्याच दस्तऐवजात उल्लेख आहे. परिषदेने साठ वर्षांपूर्वी शब्दांत मांडलेली शिकवण या दोन तरुणांनी आपल्या नोकरीच्या जागी जगून दाखविली.

आपल्या अंगणातील तांदूळ

काँगो दूर आहे आणि सिसिलीही दूर आहे, असे म्हणून हा विषय बाजूला सारता येण्यासारखा नाही. खाण्यास अयोग्य असलेला माल योग्य आहे असे दाखविणारा शिक्का आपल्याकडेही मारला जातो. त्या मालाचे रूप तेवढे वेगळे असते.

वसई-विरार परिसराचेच पाहू या. नालासोपारा येथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. ही कारवाई २०२४ च्या अखेरीस सुरू झाली आणि २०२५ च्या आरंभी पूर्ण झाली. शेकडो कुटुंबे डोळ्यांदेखत उघड्यावर आली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, विरार येथील चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग मध्यरात्रीच्या सुमारास कोसळला आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत लहान मुलेही होती.

या घटनांनंतर दोष कोणाचा, याची चर्चा झाली. बिल्डर, पालिका, राजकारणी अशी बोटे दाखविली गेली आणि ती योग्यच होती. परंतु एक अनधिकृत इमारत उभी राहण्यासाठी किती जणांचा हातभार लागतो, याचा शांतपणे विचार करावयास हवा. कोणीतरी आरक्षण ठाऊक असूनही जमीन विकतो किंवा बळकावतो. कोणीतरी बनावट परवानगीपत्र तयार करतो. कोणीतरी जागेवर न जाता पाहणी अहवाल लिहितो. कोणीतरी सिमेंटचे प्रमाण कमी करतो आणि मुकादम ते पाहूनही गप्प बसतो. दलाल कागदपत्रे स्वच्छ असल्याची हमी देतो. कोणी कमी किमतीच्या मोहाने कागद न तपासता व्यवहार करतो आणि त्यातील काही रक्कम रोखीने देऊन मुद्रांक शुल्क वाचवितो. यांतील प्रत्येकाला वाटते की आपला वाटा अगदी लहान आहे. आपण नाही केले तर दुसरा करीलच, असेही प्रत्येकाला वाटते. इमारत मात्र या सर्व लहान वाट्यांच्या बेरजेवरच उभी राहते आणि तिच्याखाली सापडतो तो बहुधा या साखळीत नसलेला माणूस. ज्याने आयुष्यभराची पुंजी ओतून किंवा कर्ज काढून, हमीवर विश्वास ठेवून घर घेतले, त्याच्या वाट्याला सडलेला तांदूळ येतो.

वसईचा ख्रिस्ती समाज या साखळीच्या बाहेर आहे, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो काय? 'हरित वसई'साठी लढलेल्या आपल्या लोकांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. त्या लढ्यात दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूंनी धमक्या सोसल्या. परंतु त्याच भूमीत जमिनींचे व्यवहार करणारे, नकाशे काढणारे, पालिकेत व तहसील कचेरीत नोकरी करणारे, बांधकामाचे ठेके घेणारे आपले बांधवही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी दडपण झुगारून सचोटी राखली असेल. त्यांची नावे कोठेही छापून येत नाहीत. पण प्रत्येकाने राखली असती, तर या परिसराचे चित्र काहीसे वेगळे दिसले असते, हेही नाकारता येत नाही.

लाच देणारा निर्दोष आहे काय?

आपल्यापैकी बहुतेक जण लाच घेत नाहीत. कारण घेण्याजोग्या पदावर नसतात. आपला संबंध येतो तो देण्याशी. सातबारा उतारा, वारसनोंद, घरपट्टी, जन्मदाखला, वीजजोडणी अशा कामांत 'चहापाणी' दिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, हा अनेकांचा अनुभव असतो. म्हणून आपण स्वतःला केवळ बळी समजतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. आपल्या हक्काचे काम अडवून ठेवल्यामुळे नाइलाजाने पैसे देणारा विधवा बाईसारखा गरीब माणूस आणि नियमात न बसणारे काम करून घेण्यासाठी पैशांचे पाकीट घेऊन जाणारा सधन माणूस, या दोघांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे होईल. पहिल्याची पिळवणूक होत असते. दुसरा इतरांचा हक्क विकत घेत असतो. रांगेत त्याच्या पुढे उभा असलेला शेजारी त्यामुळे मागे पडतो.

देशाच्या कायद्यानेही हा भेद मानला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती होऊन लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मात्र ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपासयंत्रणेला कळविले, तर तो दोषी ठरत नाही. म्हणजे नाइलाज झाला होता, या म्हणण्यास कायदा मान देतो; परंतु त्या नाइलाजाने कायमचे मौन पत्करू नये, अशीही त्याची अपेक्षा आहे.

नाइलाजाचे क्षेत्र कमी करणारी साधनेही आज आपल्या हाती आहेत. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्यान्वये नागरिकाचा हक्क आहे. मुदतीत काम न झाल्यास त्याच खात्यात पहिले व दुसरे अपील करता येते, त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा दूरध्वनी क्रमांक राज्यभर उपलब्ध आहे. या मार्गाने काम होण्यास वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, कधी अपमानही सोसावा लागतो. फ्लोरिबेर यांना प्रामाणिकपणाची किंमत प्राणांनी मोजावी लागली. आपल्याकडून ती बहुधा काही आठवडे, काही फेऱ्या आणि थोडीशी टवाळी या नाण्यांत मागितली जाते.

मुले काय पाहतात?

५ मे २०२४ रोजी झालेल्या वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या प्रकरणाने देश ढवळून निघाला. हजारीबाग व पाटणा येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मात्र संपूर्ण परीक्षेचे पावित्र्य भंगल्याइतका पुरावा नसल्याने २३ जुलै २०२४ रोजी फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. त्याच वर्षी सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याचा केंद्रीय कायदा अमलात आला. संघटित गैरप्रकारासाठी त्यात पाच ते दहा वर्षे कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंड अशी तरतूद आहे.

कायदा कठोर झाला हे चांगलेच झाले. परंतु फुटलेली प्रश्नपत्रिका विकत घेण्यासाठी पैसे मोजणारे गिऱ्हाईक कोठून येते? ते एखाद्या घरातून येते. त्या घरात मुलाला लहानपणापासून काहीतरी शिकविले गेलेले असते. शाळेचा प्रकल्प आई-वडिलांनीच पूर्ण करून द्यायचा. गावाला जाण्यासाठी शाळेत आजारपणाची चिठ्ठी पाठवायची. दारात कोणी आले तर बाबा घरी नाहीत असे मुलालाच सांगायला लावायचे. सवलतीसाठी उत्पन्नाचा खोटा दाखला मिळवायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी कुटुंबाने एकत्र बसून रोझरी म्हणायची. मूल दोन्ही गोष्टी पाहते. प्रार्थना ही एका खोलीतील गोष्ट आहे आणि व्यवहार ही दुसऱ्या खोलीतील, असा निष्कर्ष त्याने काढला तर दोष त्याचा नाही.

शाळाप्रवेशाच्या दिवसांत धर्मगुरूंकडे शिफारसपत्रासाठी गर्दी होते. वर्षभर उपासनेला न आलेल्यास नियमित उपासक म्हणून प्रमाणपत्र मिळावे, अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे धर्मगुरूंनाच असत्यावर शिक्का मारण्यास सांगणे होय. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा पाठ करून घेताना आपण या साध्या प्रसंगांची चर्चा करतो काय, याचा विचार धर्मशिक्षकांनी आणि पालकांनी मिळून करावयास हवा.

पश्चात्ताप आणि परतफेड

पवित्र शास्त्रात प्रामाणिकपणा हा विषय अतिशय ठोस स्वरूपात येतो. लेवीय पुस्तकात खरी तराजू, खरी वजने आणि खरी मापे वापरण्याची आज्ञा आहे. माप लहान करून आणि खोट्या तराजूने गरिबांना फसविणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने कोरडे ओढले आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडून अरण्यात येण्यास सांगितले नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणाकडूनही जबरदस्तीने पैसे उकळू नका, असे त्याने बजावले. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाने तर प्रभू घरी आल्याच्या आनंदात अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसविलेल्यांना चौपट परतफेड असा हिशेबच मांडला.

हा परतफेडीचा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाशिकवणीच्या ग्रंथात सातव्या आज्ञेचे विवेचन करताना जी यादी दिली आहे ती वाचून आपण दचकल्याशिवाय राहत नाही. सापडलेली किंवा उसनी घेतलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे, व्यापारातील फसवणूक, अन्यायकारक मजुरी, दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेऊन किमती वाढविणे, निकृष्ट काम, करचुकवेगिरी, धनादेश व बिलांची बनावट हे सर्व चोरीच्याच सदरात मोडते. त्याच ग्रंथात पुढे असेही सांगितले आहे की, अन्यायाचे परिमार्जन करावयाचे तर चोरलेले मूळ मालकास परत केले पाहिजे. पापनिवेदन केले, क्षमा मिळाली, पण भावाच्या हिश्शाची जमीन मात्र आपल्याच नावावर राहिली, तर पश्चात्तापाचे काम अपुरे राहिले आहे, हे उघड आहे. घरकाम करणाऱ्या बाईचा किंवा शेतमजुराचा थकलेला पगार हाही या हिशेबात धरला पाहिजे.

८ नोव्हेंबर २०१३ रोजीच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी लाचेच्या पैशावर पोसलेल्या मुलांना मिळणारे अन्न मळलेले असते, असा विचार मांडला होता. अशा घरातील मुले उपाशी राहतात ती प्रतिष्ठेसाठी, कारण बापाने घरी पैसा आणला तरी मान आणलेला नसतो, असा त्याचा भावार्थ. आपल्याकडील जुनी माणसे 'कष्टाचा पैसा पुरतो, पापाचा उरत नाही' असे म्हणत असत, त्याचीच येथे आठवण होते.

स्वतःच्या घरापासून आरंभ

ख्रिस्तसभेने समाजाला प्रामाणिकपणाचा उपदेश करावयाचा, तर तिचे स्वतःचे हिशेब उजेडात असले पाहिजेत. याबाबतीत ख्रिस्तसभेचा अलीकडील अनुभव क्लेशदायक असला तरी बोधप्रद आहे. २९ एप्रिल २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आदेशानुसार व्हॅटिकनमधील वरिष्ठ अधिकाऱ्यांना, कार्डिनलांनासुद्धा, भ्रष्टाचार वा आर्थिक गुन्ह्यात आपण दोषी ठरलेलो नाही असे लेखी घोषित करणे बंधनकारक झाले. कामाच्या संदर्भात ४० युरोपेक्षा जास्त किमतीची भेट स्वीकारण्यास मनाई झाली. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने आर्थिक गैरव्यवहारांच्या खटल्यात इतरांसह एका कार्डिनलांनाही दोषी ठरविले. त्यांनी आरोप नाकारून अपील केले. अंतिम न्याय जो व्हायचा तो होईल. परंतु उच्चपदस्थाचा हिशेबही न्यायासनापुढे मांडला गेला, ही गोष्ट लहान नाही.

धर्मग्रामाच्या पातळीवर पाहिले तर धर्मसभेच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे आवश्यक आहे आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना देण्याचे बंधन आहे. सणाची वर्गणी, चर्चच्या दुरुस्तीचा निधी, पतपेढी, सोसायटी, क्रीडामंडळ अशा प्रत्येक ठिकाणी वेळेवर व सुबोध हिशेब फलकावर लागला, तर तो प्रवचनाइतकाच परिणाम करतो. हिशेब विचारणाऱ्याला विरोधक समजू नये. विचारणाऱ्यानेही कोणाची बदनामी करण्यासाठी विचारू नये.

इतरांपुढील साक्ष

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. आपल्या शेजाऱ्यांपैकी बहुतेकांनी शुभवर्तमान कधी उघडलेले नसते. ते आपल्याला पाहतात. दादरच्या बाजारात वसईच्या बागायतदाराच्या टोपलीत वरच्या आणि खालच्या फुलांत फरक आहे की नाही, हे गिऱ्हाईक पाहते. रुग्णालयातील ख्रिस्ती परिचारिका रात्रपाळीत नोंदवहीत खरी वेळ लिहिते की सोयीची, हे तिची सहकारी पाहते. मिस्त्री भिंतीच्या आत झाकल्या जाणाऱ्या नळाचे काम कसे करतो, हे लगेच कोणी पाहत नाही, पण दोन पावसाळ्यांनंतर घरमालकाला कळते. धर्मप्रसाराच्या शब्दाकडे संशयाने पाहिले जाण्याच्या काळात ही साक्ष द्यावयास कोणाची परवानगी लागत नाही आणि तिच्यावर कोणी आक्षेपही घेऊ शकत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, प्रामाणिकपणा ही काही ख्रिस्ती समाजाची मिरासदारी नव्हे. सचोटीने धन मिळवावे आणि अलिप्त मनाने ते खर्चावे, अशी शिकवण देणारे संत तुकाराम महाराज स्वतः दुकानदारी करणाऱ्या घरातील होते. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. सापडलेली पैशांची पिशवी परत करणाऱ्या रिक्षाचालकांच्या बातम्या आपण वाचतो. ते निरनिराळ्या धर्मांचे असतात. म्हणून आपली साक्ष अहंकाराची असू नये. इतर धर्मीयांच्या सचोटीपुढे नम्र होणे आणि तिच्यापासून शिकणे हाही साक्षीचाच भाग आहे.

दुसरी सूचना अशी की, चांगले नाव मिळावे म्हणून प्रामाणिक राहणारा माणूस, नाव जाण्याची भीती नसते तेथे घसरण्याचा संभव असतो. समाजाची प्रतिमा उजळावी म्हणून नव्हे, तर समोरचा माणूस देवाचे लेकरू आहे आणि त्याला फसविण्याचा आपल्याला अधिकार नाही, म्हणून खरे वागावयाचे. साक्ष हे त्याचे फळ आहे. फ्लोरिबेर यांना तांदूळ अडविताना आपल्याला कोणी धन्यवादित म्हणेल असे स्वप्नातही आले नसेल. त्यांना फक्त तो तांदूळ खाणारी माणसे दिसत होती.

अर्थात, एकट्या माणसावर हे सारे ओझे टाकून चालणार नाही. कचेरीत एकाकी पडलेल्या प्रामाणिक कर्मचाऱ्याची बदली होते, बढती अडते, सहकारी त्याला टाळू लागतात आणि घरीही, तुम्हीच तेवढे राजा हरिश्चंद्र, असे ऐकावे लागते. अशा वेळी धर्मग्राम त्याच्या पाठीशी उभे राहते काय? आपल्या समारंभांत आपण ज्यांच्या गळ्यात हार घालतो, त्यांची संपत्ती कोठून आली हे आपण कधी विचारीत नाही. साधेपणाने निवृत्त झालेल्या स्वच्छ तलाठ्याचा किंवा अभियंत्याचा सत्कार मात्र क्वचितच होतो. आपण कोणाला मोठे मानतो, हे आपल्या मुलांना त्या हारांवरून कळते.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक धर्मग्रामाला करता येण्यासारख्या आहेत. कायद्याची माहिती असलेल्या प्रापंचिकांनी महिन्यातून एक दिवस बसून माहिती अधिकाराचे व लोकसेवा हक्काचे अर्ज लिहून द्यावेत, म्हणजे गरिबाला दलालाकडे जावे लागणार नाही. घर किंवा जमीन घेणाऱ्या तरुण कुटुंबांना परवानग्या व आरक्षण कसे तपासावे, याचे मार्गदर्शन मिळावे. सरकारी नोकरीतील बंधुभगिनींनी अधूनमधून एकत्र येऊन आपल्या अडचणी मोकळेपणाने बोलाव्यात, एकमेकांना बळ द्यावे. प्रायश्चित्तकाळात उपवासाबरोबर परतफेडीचाही विचार व्हावा. रविवारच्या प्रार्थनांत, दडपणाखाली योग्य तेच करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी एक विनंती असावी.

यांतील कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही आणि कशालाही वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. सोमवारी सकाळी आपण कामावर जाऊ, तेव्हा आपल्यापुढेही कोणता तरी कागद येईल, तराजू येईल, हजेरीपट येईल. त्या कागदापलीकडे कोणाचे तरी ताट असते, कोणाचे तरी छप्पर असते. ते ध्यानात ठेवून केलेली खरी सही ही प्रभूला मान्य होणारी साक्ष आहे.